लाखेखालचे तेल

१

खाणीच्या स्फोटक-कोठारासमोर, धुके अजून विरले नव्हते अशा पहाटे, एका बंदुकीचा चाप दोनदा ओढला गेला. आणि दोन्ही वेळा बंदूक मूक राहिली. तिसऱ्यांदा चाप ओढण्याचा अवसर पहारेकऱ्याला मिळाला नाही. लोखंडी पहारीच्या एका घावाने त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. तोंडे झाकलेली माणसे सुरुंगाच्या पेट्या उचलून धुक्यात नाहीशी झाली. सकाळचा भोंगा होऊन कामगार आले तेव्हा त्यांना दिसला तो दगडी उंबऱ्यावर बसलेला एक वृद्ध मनुष्य आणि त्याच्या मांडीवरची, न उडालेली बंदूक.

सारी वसाहत त्याला हवालदार म्हणत असे. सैन्यातून तो थेट या कोठारावर आला होता आणि येथेच त्याचे केस पांढरे झाले होते. त्या दिवसापर्यंत त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शब्द काढला नव्हता. त्या दिवसानंतर दुसरा विषय कोणाला उरला नाही.

"सरळ गोष्ट आहे, बाई," खाणीचे व्यवस्थापक म्हणाले. त्यांना सगळे साहेब म्हणत. "बंदूक आतून चिकटली होती. दरवर्षी ही बंदूक साफ करणाऱ्या मिस्त्रींनी ती हातात घेतली, बोल्ट मागेपुढे केला आणि माझ्यासमोर सांगितलं, यात जवसाचं तेल आहे. जवस वाळून चिकटतं, ते बंदुकीच्या आत कधीच घालत नाहीत. मी खोल्या तपासायला लावल्या. जवसाची बाटली सापडली कुणाच्या खोलीत? हवालदाराच्या. आता आणखी काय पाहिजे?"

"मिस्त्रींनी स्वतः काय तेल घातलं होतं?"

"पातळ खनिज तेल. शपथेवर सांगतात. आणि त्यांच्या शब्दावर मी संशय घ्यायचा म्हणजे सूर्य कुठे उगवतो याची चौकशी करण्यासारखं आहे. त्यांच्या हातून बंदूक निर्दोष गेली. नंतर ती दोघांच्याच हातात होती, दिवसा तो दुसरा पहारेकरी, शिट्टी, आणि रात्री हवालदार. शिट्टीला तेल आणि ताक यातला फरक कळत नाही."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"मिस्त्री हटून बसले म्हणून. बंदुकीच्या सांध्यावरची त्यांचीच लाख त्यांनी फोडली नाही. म्हणाले, परीक्षकबाई येईपर्यंत मी आत हात घालणार नाही. महिनाअखेरीला मी हवालदाराविरुद्ध चोरांना सामील असल्याची फिर्याद देणार आहे आणि खोलीही रिकामी करून घेणार आहे. तोवर तुम्ही काय ते बघा."

परीक्षकबाईंनी पोलिसांच्या रसायनशाळेत उभे आयुष्य वेचले होते. ज्याची खात्री नाही अशा एकाही अहवालावर त्यांनी कधी सही केली नव्हती, आणि त्या कडक व्रतामुळे त्यांच्याभोवती माणसे फारशी टिकलीही नव्हती. निवृत्तीनंतर त्या एका खोलीत एकट्या राहत. मिस्त्रींचा दूरध्वनी आला तेव्हा कित्येक दिवसांनी त्या खोलीत घंटी वाजली होती.

"बाई," पलीकडून मिस्त्री म्हणाले होते, "माझ्या एकुलत्या एका मित्राचं नाव मातीत चाललंय. आणि ते माझ्याच साक्षीनं चाललंय. मी खोटं बोलू शकत नाही. तुम्ही तिसरा माणूस शोधा."

२

मिस्त्रींचे दुकान खाणीकडे जाणाऱ्या चढावर होते. पुढच्या अर्ध्या भागात त्यांची भाची लाकडी सामानाला पॉलिश करीत असे. मागच्या अर्ध्यात मिस्त्रींचे कामाचे मेज आणि त्यापलीकडे त्यांचे बिऱ्हाड. बाई आत गेल्या आणि क्षणभर उभ्याच राहिल्या. कानशी लांबीच्या क्रमाने टांगलेल्या होत्या. नळी साफ करण्याच्या पितळी सळया देवघरातल्या उपकरणांसारख्या लखलखत होत्या. मेजावर धुळीचा कण नव्हता. भिंतीवर मिस्त्रींच्या दिवंगत पत्नीचे छायाचित्र होते आणि त्याखाली काचेच्या भांड्यात फुले. केवळ त्या भांड्यातले पाणी कुजून हिरवट झाले होते आणि त्याची दुर्गंधी दारापर्यंत येत होती.

"बसा, बाई. चहा टाकलाय, दूध तापतंय."

मिस्त्रींचे हात पाहावेत असे होते. बोटे रुंद, पण हालचाल सोनाराची. डाव्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले होते. तारुण्यात कानशीने केलेली ती जखम कधी पुरी भरून आली नाही.

"तेलांचं सांगा," बाई म्हणाल्या. "मला विद्यार्थिनी समजा."

त्यांचा चेहरा उजळला. पुष्कळ दिवसांत त्यांना हा विषय कोणी विचारला नसावा.

"आधी नळी धुवायची. त्याला द्रावण वेगळं. ते तेल नव्हे. काजळी सोडवतं आणि उडून जातं. नुसतं त्यावर थांबलात तर पोलाद उघडं पडतं आणि गंज धरतं. म्हणून मग पातळ खनिज तेल. थेंबभर घालायचं आणि तेही पुसून काढायचं. पुसूनही जे राहतं तेच खरं. पुष्कळांना वाटतं जास्त तेल म्हणजे जास्त माया. इथे हवेत दगडाची पूड आहे. जाड तेलाला ती चिकटली की तेलच कानस होतं. जाड वंगण फक्त पेटीत वर्षभर झोपणाऱ्या बंदुकीला."

"खोबरेल?"

"थंडीत गोठतं. पहाटे गोठेल, दुपारी वितळेल. आणि चोर काय दुपारी येतात?" ते हसले. "आणि जवस फक्त दस्त्याला. लाकूड जवस पितं आणि आपल्यात वाळवून घेतं, म्हणून दस्ता दगडासारखा होतो. पोलादाला पिता येत नाही. मग ते वर साय धरतं, सायीची कातडी होते आणि एक दिवस काडतुसावर आदळणारी पिन जागच्या जागी अडखळते."

बोलता बोलता ते रंगून गेले होते. बाई एकाएकी उठल्या, आत गेल्या आणि शेगडी बंद करून आल्या. दूध उतू जाऊन, आटून, भांड्याच्या बुडाला काळे झाले होते. तो करपट धूर बैठकीत केव्हाचाच शिरला होता.

"अरेरे!" मिस्त्री ओशाळले. "लक्षातच राहिलं नाही. वय झालं. बिनदुधाचा चालेल? खरं सांगू, मला आता कशाचंच काही वाटत नाही. ही गेल्यापासून अन्नाला चव राहिली नाही. गिळायचं म्हणून गिळतो."

बाईंनी छायाचित्राकडे पाहिले.

फडताळात औषधाच्या जुन्या, तपकिरी, बुचाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एकीवरही चिठ्ठी नव्हती.

"चिठ्ठ्या का नाहीत?"

"तेलकट हातात कागद टिकतो होय? आणि हे काय शोभेला दिलंय देवानं?" मिस्त्रींनी नाकावर बोट ठेवले. "वास घेतल्याशिवाय मी थेंब टाकत नाही. माझ्या गुरूंचा दंडक आहे."

"त्या बंदुकीत जे घातलंत, त्याचा एक थेंब मला या काचेच्या पट्टीवर द्या."

मिस्त्रींनी न चाचपडता एक बाटली काढली, बूच उघडले, डोळे मिटून नाकाशी नेली. "हं. हेच." सळईच्या टोकाने त्यांनी पट्टीवर थेंब ठेवला आणि सवयीने तो बोटाने इतका पातळ पसरला की काच केवळ ओली भासावी.

बाईंनी पट्टी उचलून चेहऱ्याजवळ नेली. त्यांच्या मुद्रेवर काही उमटले असेल तर ते मिस्त्रींना दिसले नाही. ते करपलेले भांडे घासायला वळले होते.

"त्यानंतर आणखी कुणाच्या बंदुकीत हे तेल घातलं?"

"आता कोण येतं, बाई? वर्षात खाणीची ती एक बंदूक. मी आणि ती, दोघं एकमेकांची वाट बघतो." जरा थांबून त्यांनी विचारले, "उघडताना मी यायला नको ना? मी मित्र पडलो. उद्या कुणी म्हणेल, मिस्त्रीनं आत काहीतरी केलं."

"नका येऊ," बाई म्हणाल्या. "तेच बरं."

३

साहेबांच्या कचेरीत खिडकीजवळ मेज ओढून बाईंनी बंदूक उघडायला घेतली. बोल्टच्या मागच्या टोपणाच्या सांध्यावर तांबड्या लाखेचा मुगाएवढा ठिपका होता. आतली पिन आणि स्प्रिंग साफ करून झाली की मिस्त्री सांधा असा बंद करीत. त्यानंतर लाख फोडल्यावाचून आत शिरता येत नसे.

"लाख काय, मेणबत्तीवर धरली की सुटते," साहेब म्हणाले. "पुन्हा चिकटवायला कितीसा वेळ?"

"पुन्हा चिकटवता येते. पण हे पाहा."

भिंगाखाली लाखेवर नखाचा ठसा होता. चंद्रकोरीसारखा, आणि मधोमध दुभंगलेला.

साहेबांनी भिंग परत दिले.

बाईंनी लाख फोडली आणि पोलादी पिन बाहेर काढली. तिच्यावर मधाच्या रंगाची एक पारदर्शक कातडी चढली होती. बाईंनी पिन तापलेल्या दिव्याजवळ धरली. कातडी वितळली नाही. म्हणजे ते गोठलेले खोबरेल नव्हते आणि त्यात मेणही नव्हते. नंतर तिच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला. खनिज वंगण असते तर ते विरघळले असते, कातडी तशीच राहिली. हवेत वाळणारे तेल होते ते. मिस्त्रींचे निदान शब्दशः खरे होते.

नंतर बाईंनी ती दोन काडतुसे पाहिली. दोन्हींच्या टोपीवर पिनेचा घाव पडला होता, पण उथळ. झोपेत कोणी दार ठोठावावे तसा.

"साहेब, एक सांगा. बंदूक निकामी करून चोरांना वाट द्यायची, तर हवालदारांनी काय केलं असतं? काडतुसं काढून ठेवली असती. नाहीतर सरळ झोपले असते. निकामी आहे हे ठाऊक असलेल्या बंदुकीचा चाप कुणी दोनदा ओढतं? आणि हात मोडून घेतं?"

"दिखावा."

"दिखाव्याला एकदा पुरे. दुसऱ्यांदा ओढतो तो, ज्याचा बंदुकीवर विश्वास असतो."

"मग त्या शिट्टीनं..."

"लाख कुणीच उघडली नाही. फटीतून तेल सोडलं असतं तर ओघळ दिसले असते, खाली थेंब साचून गोठला असता." बाईंनी पिन उजेडात फिरवली. "इथे ओघळ नाही. टोकापासून मुळापर्यंत एकसारखा, कमीतकमी, पुसून घेतलेला थर आहे. साहेब, हे तेल कुणी घाईनं ओतलेलं नाही. हे फार उत्तम हातानं, फार मायेनं लावलेलं आहे."

४

शिट्टी हा दिवसपाळीचा पहारेकरी. ओठ रिकामे ठेवणे त्याला जमत नसे, म्हणून हे नाव. बाईंना पाहताच मात्र त्याच्या ओठांतले सूर आटले.

"बाई, मी फक्त शिट्टी वाजवतो. आतलं काही मला कळत नाही."

"बाहेरून काय लावलंत?"

तो दचकला. "कुणी सांगितलं?"

"नळीवर बोटांचे तेलकट ठसे आहेत. हवालदार हातमोजे घालतात."

"बायकोच्या शिलाई मशीनचं तेल," तो खाली पाहत म्हणाला. "नळी चकाकत नव्हती म्हणून. साहेबांना सांगू नका. हवालदारकाकांनी पाहिलं तेव्हा म्हणाले, गाढवा, बंदूक आहे ही, नवरी नव्हे. पण चहाडी केली नाही हो त्यांनी."

"ते तेल वाळत नाही. घाबरू नका." बाई वळल्या, पुन्हा थांबल्या. "त्यांना भेटायला जाता?"

शिट्टीने कोठाराच्या दाराकडे पाहिले. "कुणीच जात नाही, बाई. साहेब बघतात ना. एक मिस्त्री जातात, नाहीतर काका त्यांच्याकडे जातात. परवा नळावर काका पाण्याला आले, एका हातानं बादली उचलवेना. आम्ही सगळे उभे होतो. कुणी हात लावला नाही. मीही नाही." त्यानंतर त्याने शिट्टी वाजवण्याचा प्रयत्न केला, पण ती वाजली नाही.

हवालदारांची खोली वसाहतीच्या टोकाला होती. गळ्यात बांधलेला हात सांभाळीत ते डाव्या हाताने लोखंडी पेटी भरीत होते. खिडकीत बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. मोहरे हाताने कोरलेले, गुळगुळीत, दिव्याच्या उजेडात उबदार दिसणारे.

"तुम्हीच केलेत?"

"हो. दोन हिवाळे गेले. मिस्त्रीचा जुना संच किडला होता. यांनाच ते जवस लावतो, ज्यापायी मला चोर ठरवलंय. भाचीनं दिलं. त्यात थोडं मेण घालतो, हाताला मऊ लागतं."

मेण. पिनेवरच्या थरात ते नव्हते. बाईंनी मान हलवली. त्यांच्या मनातली एक खिट्टी बसली.

"बंदूक मिस्त्रींकडून परत आली तेव्हा तुम्हाला काही वेगळं जाणवलं?"

"नाही," हवालदार ताडकन म्हणाले. "मिस्त्रीच्या हातून आलेली बंदूक मी कशाला हुंगू?"

बाहेर खाणीतून दगड फुटल्याचा दबका आवाज आला.

"मी वासाचं काहीच विचारलं नव्हतं, हवालदार," बाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी पेटीचे झाकण लावले. कडी डाव्या हाताने त्यांना लागेना. बाईंनी पुढे होऊन लावली.

"बाई," ते म्हणाले, "मी आता म्हातारा झालो. मला ना बायको, ना पोर. माझं नाव गेलं तर ते कुणाच्या घरावरून जायचं नाही, माझ्याबरोबर संपेल. तुम्ही उद्याच्या गाडीनं परत जा. माझं ऐका."

५

बाई परत गेल्या नाहीत. विश्रामगृहाच्या खिडकीत, उन्हाच्या तिरिपेत, त्यांनी मिस्त्रींनी दिलेली काचेची पट्टी ठेवली होती. रोज सकाळी त्या ती पाहत, आणि मग एकट्याच चहा पीत बसत. वाट पाहण्याची त्यांना सवय होती. काही परीक्षा काळालाच घ्याव्या लागतात.

महिना सरत आला तेव्हा त्या मिस्त्रींच्या भाचीकडे गेल्या. ती एका कपाटाला चिंधीने पॉलिश चोळीत होती.

"मामांच्या फडताळाची झाडपूस तूच करतेस?"

"दर आठवड्याला. मागे एकदा सगळ्या बाटल्या खाली काढून पुसल्या, आणि अगदी तेव्हाच खाणीतून बंदूक आली. मामा ओरडलेच, हा पसारा उरक लवकर. माझं जवसही तिथेच असतं, तशाच बाटलीत."

"पुन्हा ठेवताना जागा त्याच होत्या?"

"जागा?" ती हसली. "आता कोण लक्षात ठेवतं! आणि जागेचं काय करायचंय? मामा वास घेतल्याशिवाय बूचसुद्धा बाजूला ठेवत नाहीत."

"जेवायला तुझ्याकडे येतात?"

"रविवारी. पण माझ्या हातची चव त्यांना लागतच नाही. मीठ वर, तिखट वर. नवरा म्हणतो, तुझे मामा जेवतात की जाळ लावतात? मामी गेल्यापासून असंच चाललंय. विसरतातही फार. त्या फुलांचं पाणी किती वेळा सांगितलं! म्हणतात, वास कुठे मारतोय? हवालदारकाका आहेत म्हणून बरं. पटावर बसण्याआधी आत जाऊन शेगडी बघून येतात. नेमानं. मी विचारलं तर म्हणाले, सैन्यातली सवय आहे."

बाईंनी बराच वेळ त्या कपाटाच्या चकाकत्या लाकडाकडे पाहिले. तिसऱ्या माणसाचा शोध संपला होता. तो कधी नव्हताच.

६

दिवेलागणीला त्या मिस्त्रींकडे गेल्या. हवालदार आधीच आले होते. पट मांडलेला होता. दुसऱ्या दिवशी खोली सोडायची होती, म्हणून हा शेवटचा डाव.

"या, बाई!" मिस्त्री उठले. "सापडला का तिसरा?"

बाईंनी काचेची पट्टी पटाशेजारी ठेवली. "आधी हे पाहा. कशाचा थर आहे?"

मिस्त्रींनी पट्टी उजेडात धरली आणि अंगठ्याच्या दुभंगल्या नखाने कड खरवडली. मधाच्या रंगाची पातळ कातडी वळून वर आली.

"जवस," ते तत्काळ म्हणाले. "कच्चं जवस. लावलंय मात्र झकास. हात कसलेला आहे. कुणाचा?"

"बाई, राहू द्या," हवालदार म्हणाले.

"का राहू द्या? अरे, हाच तो माणूस! तुझं नाव सुटतंय आणि राहू द्या काय म्हणतोस?" मिस्त्री बाईंकडे वळले. "कुणाचा हात?"

"तुम्ही मला दिलेला थेंब आहे हा," बाई म्हणाल्या. "या फडताळातून. वास घेऊन."

मिस्त्री काही क्षण हसऱ्या मुद्रेनेच उभे होते. हसू मुखावरून उतरायला विसरले असावे तसे. मग त्यांनी फडताळातून तीच बाटली काढली. बूच उघडले. डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा घेतला. दुसरी बाटली घेतली, तिसरी घेतली. शेवटी नळी धुण्याच्या त्या उग्र द्रावणाची बाटली थेट नाकपुडीला लावली. बाईंच्या डोळ्यांना दुरून पाणी आले. मिस्त्रींच्या डोळ्यांना आले नाही.

"मला तर... मला तर येतोय वास," ते पुटपुटले. "हे पातळ तेल आहे असं मनात आलं की त्याचा वास येतो."

"आठवणीचा येतो," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर ती द्रावणं हुंगलीत तुम्ही. नाक एकदम गेलं असतं तर कळलं असतं. ते हळूहळू गेलं. भाचीनं बाटल्यांची जागा बदलली आणि तुम्ही नेहमीच्या जागेवरची उचललीत. बाकी सगळं बिनचूक केलंत. लाखेवर तुमचं नख आहे, मिस्त्री. तुमच्यानंतर आत कुणीच गेलं नाही."

मिस्त्री सावकाश खाली बसले. त्यांची दृष्टी हवालदारांच्या गळ्यातल्या हातावर स्थिरावली आणि तेथून हलेना.

"तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

हवालदारांनी एक प्यादे उचलले, पुन्हा तिथेच ठेवले. "गॅस उघडा राहिला होता एकदा. तू त्याच खोलीत बसून मला तेलांवर प्रवचन देत होतास."

"आणि बंदूक?"

"तिला जवसाचा वास होता. मला वाटलं, दस्त्याला लावलं असेल. तू आत घालशील असं माझ्या मनात तरी येईल का? उंबऱ्यावर बसलो होतो ना, तेव्हा कळलं."

"आणि गप्प बसलास! चोर म्हणवून घेतलंस?"

"तुझ्याकडे दुसरं आहे काय?" हवालदार चिडून म्हणाले. "हे एक मेज, आणि मिस्त्रींचा शब्द म्हणजे शब्द. तेवढंही काढून घ्यायचं? माझं काय, मी नुसता दारात उभा राहणारा माणूस."

"मूर्खा," मिस्त्री म्हणाले. "महामूर्खा. तुझा हात गेला रे माझ्यापायी."

ते उठले. भिंतीवरचा कोट काढून त्यांनी अंगात घातला, गुंड्या नीट लावल्या, आणि फडताळातली ती बाटली खिशात टाकली.

"कुठे निघालास?"

"साहेबांकडे. माझ्या शब्दानं तुझं नाव गेलं, माझ्याच शब्दानं परत येईल. मिस्त्रींचा शब्द आहे ना? मग अजून एकदा वापरतो. पुन्हा वापरायला मिळायचा नाही."

दारापाशी ते थबकले. भिंतीवरच्या छायाचित्राकडे, त्याखालच्या फुलांकडे त्यांनी पाहिले.

"बाई, तुम्ही खात्रीवाचून बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. ही गेल्यापासून अन्नाला चव नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मलाही तसंच वाटत होतं. ते तिच्यामुळं होतं, की नुसतं नाक गेलं होतं?"

सर्व ज्ञान ज्यांनी तराजूत तोलून दिले, त्या परीक्षकबाईंना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते, किंवा ठाऊक आहे असे त्यांना वाटत होते. त्यांनी ते दिले नाही.

"त्याची परीक्षा माझ्या शास्त्रात नाही, मिस्त्री."

मिस्त्रींनी बराच वेळ मान हलवली. "मग ते माझ्याकडेच राहू द्या," ते म्हणाले आणि बाहेर पडले. हवालदार मोडका हात छातीशी धरून त्यांच्यामागे चढ चढू लागले.

साहेबांनी फिर्याद फाडली. हवालदारांची खोली त्यांच्याकडे राहिली. खाणीची बंदूक मात्र मिस्त्रींकडे पुन्हा गेली नाही; गुरूंच्या सळया त्यांनी तेल लावून, पुसून, कापडात गुंडाळून ठेवल्या.

परतीच्या संध्याकाळी बाई त्या चढावरून उतरत होत्या. दुकानाच्या मागच्या खिडकीत दिवा होता आणि काचेमागे दोन डोकी पटावर वाकलेली दिसत होती. एकाएकी करपू लागलेल्या दुधाचा वास रस्त्यापर्यंत आला. बाईंचे पाऊल आपसूक थांबले, वळलेही.

"अरे, दूध!" आतून हवालदार ओरडले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या गाडीच्या थांब्याकडे, आपल्या बंद खोलीकडे चालू लागल्या. तिथे दूध विसरले, तर ते त्यांचे त्यांनाच उतरवावे लागे.